प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क
(कामधंदा, घर आणि मनाचे स्वास्थ्य यांविषयी इस्लामची शिकवण)

मक्केहून मदीनेस स्थलांतर झाल्यानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या अनुयायांमध्ये दोघादोघांत बंधुत्वाचे नाते जोडून दिले. त्या नात्याने हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) एकमेकांचे भाऊ झाले. एक इराणचे, सत्याच्या शोधात देशोदेशी फिरून व गुलामी सोसून मदीनेस पोहोचलेले. दुसरे मदीनेचेच रहिवासी. या दोघांचा एक प्रसंग सही बुखारीत आलेला आहे. सलमान (रजि.) एकदा आपल्या भावाच्या घरी गेले असता त्यांच्या पत्नी उम्मे दरदा (रजि.) अगदी जुन्यापुराण्या वेशात दिसल्या. सलमान (रजि.) यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की तुमच्या बंधूंना या जगातील कशाचीच गरज राहिलेली नाही.

थोड्या वेळाने अबू दरदा (रजि.) आले. त्यांनी पाहुण्यासमोर जेवण ठेवले. स्वतः मात्र रोजा असल्याचे सांगून बाजूला बसले. तुम्ही जेवल्याशिवाय मी घास उचलणार नाही, असे सलमान (रजि.) यांनी निक्षून सांगितले. शेवटी अबू दरदा (रजि.) यांनी तो ऐच्छिक रोजा सोडला व पाहुण्याबरोबर जेवले. रात्र झाली. अबू दरदा (रजि.) नमाजसाठी उठू लागले, तेव्हा सलमान (रजि.) यांनी त्यांना झोपायला लावले. काही वेळाने ते पुन्हा उठू लागले, सलमान (रजि.) यांनी पुन्हा थांबवले. रात्रीचा शेवटचा प्रहर आला, तेव्हा स्वतः सलमान (रजि.) यांनी त्यांना उठवले आणि दोघांनी मिळून नमाज अदा केली. त्यानंतर सलमान (रजि.) यांनी आपल्या भावाला समजावले की तुमच्यावर तुमच्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तुमच्या स्वतःचा हक्क आहे आणि तुमच्या कुटुंबीयांचाही हक्क आहे; म्हणून ज्याचा जो हक्क असेल तो त्याला द्या. ही हकीकत प्रेषितांच्या (स.) कानी घालण्यात आली, तेव्हा सलमान खरे बोलले, असा निर्वाळा त्यांनी दिला.

वाचकहो, ही हदीस आपण अनेकदा ऐकलेली असेल. ती ऐकून आपण मनाशी म्हणतो की ही शिकवण अतिरेकी उपासना करणाऱ्यांसाठी आहे. आपण कोठे रात्ररात्र नमाज पढतो? परंतु याच कारणामुळे ही हदीस आपल्याला अधिक लागू पडते. अबू दरदा (रजि.) यांनी पत्नीचा व शरीराचा वाटा काढून घेतला तो अल्लाहच्या उपासनेसाठी, आणि तरीही तो त्यांना परत करावा लागला. मग जो मनुष्य हाच वाटा दुकानाच्या गल्ल्याला, कार्यालयातील बढतीला किंवा रात्री बारा वाजताही वाजणाऱ्या मोबाईलला देऊन टाकतो, त्याची बाजू किती दुबळी ठरेल, याचा आपणच विचार करावा.

उपकार नव्हे, हक्क

आजकाल काम आणि खासगी जीवन यांत समतोल साधावा, असे सर्वत्र सांगितले जाते. सल्ला चांगला आहे. परंतु तो बहुधा सोयीच्या भाषेत दिला जातो. कामातून वेळ उरला तर घराला द्यावा, थकवा फार झाला तर चार दिवस बाहेरगावी जाऊन यावे, म्हणजे नव्या दमाने कामाला लागता येते. या विचारसरणीत मूळ मालक कामच असते. घर, शरीर व मन यांना जे मिळते ते उरलेसुरले असते.

इस्लामची भाषा वेगळी आहे. इस्लाम येथे ‘हक्क’ हा शब्द वापरतो. हक्क ज्याच्याकडे थकला आहे तो देणेकरी असतो. देणेकऱ्याने देणे चुकते केले म्हणून त्याने कोणावर उपकार केला असे होत नाही आणि नाही केले तर तो दोषी ठरतो. संध्याकाळचा एक तास मुलांजवळ बसणाऱ्या पित्याने मुलांवर मेहेरबानी केलेली नसते; त्यांचेच त्यांना दिलेले असते. हा फरक केवळ शब्दांचा नाही. मेहेरबानी आपण आपल्या सवडीने करतो, देणे मात्र मुदतीत चुकवावे लागते.

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) हे तरुण सहाबी दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर उपासनेत उभे राहत. त्यांच्या वडिलांनी सुनेची विचारपूस केली, तेव्हा तिच्या उत्तरातून त्यांना कळून चुकले की या घरात पती असून नसल्यासारखा आहे. त्यांनी हे प्रेषितांच्या (स.) कानावर घातले. प्रेषितांनी (स.) त्या तरुणाला बोलावून समजावले की तुझ्या शरीराचा, तुझ्या डोळ्यांचा, तुझ्या पत्नीचा आणि तुझ्याकडे येणाऱ्या पाहुण्याचाही तुझ्यावर हक्क आहे, महिन्यातून तीन रोजे तुला पुरेसे आहेत. माझ्यात याहून अधिक शक्ती आहे, असे तो तरुण पुनःपुन्हा म्हणत राहिला. अखेर हजरत दाऊद (अलै.) यांच्याप्रमाणे एक दिवस रोजा आणि एक दिवस विराम, यावर गोष्ट थांबली आणि याच्यापुढे जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही.

या हदीसचा शेवट फार बोलका आहे. अब्दुल्लाह (रजि.) वृद्ध झाले, शरीर थकले, तेव्हा ते म्हणत असत की प्रेषितांनी (स.) दिलेली सवलत मी स्वीकारली असती तर किती बरे झाले असते! ‘माझ्यात शक्ती आहे’ हे तारुण्यातील वाक्य आज आपणही म्हणतो. पंचविशीत चार तासांची झोप पुरते, जेवण टाळले तरी चालते, महिनोन्‌महिने सुटी न घेता काम रेटता येते. पण आज वाटणाऱ्या शक्तीवर उद्याचा हिशोब मांडता येत नाही. प्रेषितांची (स.) दृष्टी त्या तरुणाच्या आजच्या उत्साहाच्या पलीकडे, त्याच्या उतारवयापर्यंत पोहोचली होती.

रोजीचा मान आणि रोजीची सीमा

येथे कोणी असा गैरसमज करून घेऊ नये की इस्लाम कामधंद्याला कमी लेखतो. हजरत दाऊद (अलै.) हे प्रेषित असूनही स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, असे हदीसमध्ये आले आहे. अल्लाहची प्रसन्नता मनात ठेवून कुटुंबावर केलेला खर्च पुण्यकर्म ठरतो, इतकेच नव्हे तर पत्नीच्या मुखी दिलेल्या घासाचेही फळ मिळते, अशी शुभवार्ता प्रेषितांनी (स.) हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना दिली होती. पवित्र कुरआनने कारूनच्या कथेत परलोकाची चिंता करण्यास सांगतानाच या जगातील आपला वाटा विसरू नये, असेही बजावले आहे (सूरह अल-कसस, २८:७७). हलाल रोजीसाठी घाम गाळणारा मनुष्य अल्लाहपासून दूर गेलेला नसतो.

मात्र या रोजीला सीमा आहे आणि ती सीमा दिवसाच्या रचनेतच आखून दिलेली आहे. सूरह अन-नबामध्ये अल्लाह आपल्या कृपांची आठवण करून देताना सांगतो की त्याने झोपेला विश्रांती बनविले, रात्रीला आच्छादन बनविले आणि दिवस उपजीविकेसाठी ठेवला (७८:९-११). झोप ही आळशी माणसाची चैन नसून ती अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक आहे. जो सातत्याने झोप मोडून कमाई करतो, तो एका देणगीच्या मोबदल्यात दुसरी देणगी गमावतो.

सूरह अल-जुमुआच्या दोन आयती पाहा (६२:९-१०). शुक्रवारच्या नमाजची हाक ऐकू येताच खरेदीविक्री सोडून अल्लाहच्या स्मरणाकडे धाव घ्या, असा आदेश पहिल्या आयतीत आहे. आणि नमाज पूर्ण झाल्यावर भूमीवर पसरून अल्लाहची कृपा, म्हणजे आपली रोजी शोधा, असे दुसरीत म्हटले आहे. व्यापार नमाजच्या आधीही आहे आणि नंतरही आहे. त्याला बंदी नाही. परंतु हाक आली की त्याने थांबले पाहिजे. दिवसातील पाच नमाज हाच धडा रोज पाच वेळा गिरवून घेतात. ग्राहक समोर उभा आहे, हिशोब अर्धवट आहे, तरी हात थांबतात. ज्याला थांबता येते त्याच्या हाती काम असते. ज्याला थांबता येत नाही तो कामाच्या हाती असतो.

याच शिस्तीचा आणखी एक भाग सही बुखारीत आढळतो. इशाच्या नमाजपूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पागोष्टी करीत बसणे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते. दिवस कोठे तरी संपला पाहिजे, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. आज आपला दिवस संपतच नाही. दुकानाचे शटर खाली येते, कार्यालयाचे दार बंद होते. पण कामाचे संदेश, उद्याच्या मालाची चिंता आणि दुसऱ्यांच्या भरभराटीची छायाचित्रे अंथरुणापर्यंत सोबत येतात. इशानंतर मोबाईल दूर ठेवणे ही आजच्या काळात या सुन्नतीच्या आशयाला जागण्याची एक सोपी वाट आहे.

‘हे सारे तुमच्यासाठीच तर करतो!’

आता त्या वाक्याकडे वळू या, जे आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी उच्चारले जाते. पिता पहाटे घराबाहेर पडतो तेव्हा मुले झोपलेली असतात, रात्री परततो तेव्हाही झोपलेली असतात. पत्नीने एखाद्या दिवशी दबक्या आवाजात विषय काढला की उत्तर ठरलेले असते : हे सारे कोणासाठी चालले आहे? तुमच्यासाठीच ना!

हे वाक्य बहुतेक वेळा खोटे नसते, म्हणूनच त्याची तपासणी कठीण जाते. घरभाडे, शाळेची फी, आईवडिलांची औषधे, बहिणीचे लग्न ही ओझी खरी असतात. परंतु गरज कोठे संपली आणि हव्यास कोठे सुरू झाला, हे माणसाला पुष्कळदा कळत नाही. सूरह अत-तकासुरने याच रोगावर बोट ठेवले आहे. एकमेकांपेक्षा अधिक मिळविण्याची चढाओढ माणसाला कबरीपर्यंत गाफील ठेवते आणि त्या दिवशी देणग्यांविषयी जाब विचारला जाईल, असा इशारा त्या सूरहमध्ये आहे (१०२:१-८). आरोग्य ही देणगी आहे. मुलांचे बालपण हीसुद्धा देणगीच आहे आणि तिची मुदत फार थोडी असते.

ज्यांच्यासाठी आपण हे सारे करतो असे म्हणतो, त्यांना काय हवे आहे, हे आपण त्यांना कधी विचारले आहे काय? उम्मे दरदा (रजि.) यांनी स्वतःहून तक्रार केली नव्हती. सलमान (रजि.) यांनी पाहिले, विचारले, तेव्हा ती गोष्ट बाहेर आली. घरातील हक्कदार बहुधा मुके असतात. ग्राहक रागावून दुसऱ्या दुकानात जातो, वरिष्ठ अधिकारी नोटीस पाठवतो. लहान मुलगी मात्र काहीच पाठवत नाही. ती हळूहळू विचारायचे सोडून देते. ती पंधरा वर्षांची झाल्यावर पित्याला गप्पा माराव्याशा वाटतात, तेव्हा त्या दोघांकडे बोलण्यासारखे काही उरलेले नसते. घर बांधून होते, पण बांधणारा त्याच घरात परका होऊन बसतो. हे नुकसान पैशाने भरून येत नाही.

प्रेषितांच्या (स.) जीवनाकडे पाहावे. त्यांच्यावर ईशप्रकटन अवतरत होते. ते राज्याचे प्रमुख, न्यायाधीश, सेनापती आणि शिक्षक होते. त्यांच्यापेक्षा अधिक व्यग्र असल्याचा दावा आपल्यापैकी कोण करू शकेल? तरीही ते घरी काय करीत, असे विचारले असता हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात मदत करीत आणि नमाजची वेळ होताच नमाजसाठी बाहेर पडत. हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाने पाळलेला छोटासा पक्षी मेला, तेव्हा त्या खिन्न बालकाशी त्याच्या पक्ष्याविषयी बोलायलाही त्यांच्याकडे वेळ होता. त्यांनी नातू हसन (रजि.) यांचा मुका घेतला, हे पाहून अकरा बिन हाबिस नावाच्या सरदाराने अभिमानाने सांगितले की मला दहा मुले आहेत, पण मी एकाचाही कधी मुका घेतलेला नाही. त्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना बजावले की जो दया करीत नाही, त्याच्यावरही दया केली जात नाही. अकरा यांनी आपल्या मुलांना अन्नवस्त्र दिले नसेल असे नाही. परंतु मुलांचा हक्क तेवढ्यावर पूर्ण होत नाही.

कामाचे ओझे आणि मनाची प्रकृती

हक्क बुडविल्याची किंमत केवळ परलोकात मोजावी लागते असे नाही. शरीर आणि मन ती येथेच वसूल करतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यात आढळले. प्रदीर्घ तासांच्या कामामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघात व हृदयरोगाने दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. याच आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कामाच्या अनिर्बंध ताणातून येणाऱ्या अवस्थेचे वर्णन केले. तो स्वतंत्र आजार मानलेला नाही. पण त्याची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती पार आटून जाणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे.

ही लक्षणे दिसू लागली की आपल्या समाजात दोन चुका होतात. पहिली म्हणजे लपविणे. पुरुषाने थकू नये, रडू नये, असे मानले जाते. दुसरी चूक त्याहून घातक आहे. मनाने खचलेल्या माणसाला ‘तुझा इमान कच्चा आहे’ असे ऐकविले जाते. हे बोलणाऱ्यांनी कुरआन नीट पाहिलेला नाही. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे पडले होते (१२:८४), त्यांच्या इमानवर कोण शंका घेईल? पुत्र इब्राहीम यांच्या मृत्यूसमयी स्वतः प्रेषितांचे (स.) डोळे पाणावले होते. चिंता व दुःख यांपासून ते अल्लाहचा आश्रय मागत आणि त्याच दुआमध्ये दुर्बलता, आळस व कर्जाचे ओझे यांपासूनही आश्रय मागत. मनाची विवंचना आणि व्यवहाराचे ओझे यांचा किती जवळचा संबंध आहे, हे या एका दुआवरून ध्यानात येते.

मुस्लिम विद्वानांनीही हा विषय फार पूर्वी हाती घेतला होता. इ. स. ९३४ मध्ये निधन पावलेले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग शरीराविषयी आणि दुसरा भाग मनाविषयी आहे. राग, भीती, दुःख आणि मनाला सतावणारे विचार यांची त्यांनी स्वतंत्र चर्चा केली. ज्याचे कारण ठाऊक आहे असे दुःख आणि ज्याचे कारण सांगता येत नाही असे दुःख, हा भेदही त्यांनी नोंदविला. निरोगी मनुष्य जशी अडीअडचणीसाठी घरात औषधे ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार जवळ साठवून ठेवावेत, म्हणजे प्रसंगी ते उपयोगी पडतात, असा त्यांचा सल्ला होता.

तेव्हा मन आजारी पडले असता वैद्यकीय मदत घेणे हे अल्लाहवरील भरवशाच्या विरुद्ध नाही. अल्लाहने प्रत्येक रोगासाठी इलाज निर्माण केला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण मनाच्या रोगालाही लागू आहे. आठवड्यामागून आठवडे झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर दुआबरोबरच डॉक्टरकडे जावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. घरातील कोणाची अशी अवस्था असेल तर त्याला उपदेश करण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे.

ज्यांच्या हाती निवड नाही

येथवर जे लिहिले ते वाचून एखादा वाचक म्हणेल की हे ज्यांना परवडते त्यांचे बोलणे आहे. त्याचे म्हणणे रास्त आहे. भिवंडी व मालेगाव येथील यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. आठवड्यातून सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास होतात. कोकणातील कितीतरी कुटुंबांचे कर्ते पुरुष आखाती देशांत किंवा जहाजावर नोकरीला आहेत; मुलांचे मोठे होणे ते फोनच्या पडद्यावर पाहतात. अशा माणसाला घराला वेळ देण्याचे व्याख्यान ऐकविणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. अल्लाह कोणावरही त्याच्या ताकदीपलीकडे भार टाकत नाही (२:२८६). ज्याच्याजवळ दिवसाकाठी अर्धाच तास आहे, त्याच्याकडून त्या अर्ध्या तासाचाच हिशोब घेतला जाईल. परदेशातून आलेल्या फोनवर पैशाच्या व्यवहाराआधी मुलाचे चार शब्द ऐकून घेतले, तरी तो हक्क अदा करण्याचाच प्रयत्न आहे.

परंतु मग प्रश्न त्यांच्याकडे वळतो ज्यांच्या हाती निवड आहे. हजरत अबू जर (रजि.) यांच्या हदीसनुसार, आपल्या हाताखालची माणसे ही आपले भाऊ आहेत, त्यांच्या ताकदीबाहेरचे काम त्यांच्यावर लादू नये आणि लादलेच तर त्यांना स्वतः मदत करावी. घाम सुकण्याआधी मजुराची मजुरी द्यावी, ही शिकवण तर सर्वांच्या तोंडी असते. परंतु मजुराचा वेळही त्याचाच असतो, याचा विसर पडतो. जगातील राष्ट्रांनी १९१९ च्या आंतरराष्ट्रीय करारात उद्योगांसाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा मान्य केली. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या मर्यादा कामगारांच्या दीर्घ संघर्षातून आल्या. ज्या मालकाला त्याच्या इमानने ही मर्यादा शिकविली असती, त्याच्यासाठी कायद्याची गरज पडली नसती.

पहिल्या रांगेत नमाज पढणारा दुकानदार आपल्या दुकानातील पोऱ्याला रात्री अकरापर्यंत थांबवून ठेवत असेल, तर त्या पोऱ्याच्या आईचा हक्क कोणाच्या नावावर मांडला जाईल? आपल्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या ताब्यातील माणसांविषयी विचारले जाणार आहे. मालक, मुकादम, मुख्याध्यापक, कार्यालयप्रमुख, सर्वांनीच ही हदीस आपल्या पदासमोर ठेवून वाचावी.

हाच न्याय घरातील स्त्रीलाही लागू आहे. जी नोकरी करून घरी येते आणि लगेच चुलीपाशी उभी राहते, तिचा दिवस कोठे संपतो? जी नोकरी करीत नाही, तिला तर सुटीचा वारच नसतो. पुरुषाने स्वतःसाठी विश्रांतीचा हक्क मागावा आणि घरात तो हक्क दुसऱ्याला नाकारावा, हे प्रेषितांच्या (स.) घरगुती आचरणाशी विसंगत आहे.

सुरुवात कोठून करावी?

एका दिवसात आयुष्य बदलण्याचा निश्चय करू नये. कर्म थोडे असले तरी जे सातत्याने होते तेच अल्लाहला अधिक प्रिय असते. मस्जिदीत दोन खांबांच्या मध्ये बांधलेली एक दोरी प्रेषितांनी (स.) पाहिली. हजरत जैनब (रजि.) नमाज पढता पढता थकल्या की तिचा आधार घेतात, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ती दोरी सोडायला लावली आणि उत्साह असेतोवर उभे राहून नमाज पढावी, थकवा आला की बसावे, असा आदेश दिला. आपणही चहा, गोळ्या आणि धाकधपटशा यांच्या कितीतरी दोऱ्या बांधून स्वतःला उभे ठेवत असतो. त्यांपैकी एखादी दोरी सोडून पाहावी.

पहिले पाऊल म्हणून घरच्यांना विचारावे की माझ्याकडून तुमचे काय राहून गेले आहे. आणि उत्तर ऐकताना स्वतःचा बचाव करू नये. दुसरे, दिवस संपण्याची एक वेळ ठरवावी आणि ती ग्राहकांना व सहकाऱ्यांना सांगून ठेवावी. तिसरे, मगरिब ते इशा हा वेळ शक्य असेल त्यांनी घराचा मानावा. निदान एक जेवण सर्वांनी एकत्र आणि मोबाईलविना घ्यावे. चौथे, रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे आजचा हिशोब मांडावा : पालनकर्ता, स्वतःचे शरीर, घरची माणसे आणि हाताखालची माणसे या चौघांपैकी आज कोणाचे देणे थकले? हिशोबाच्या दिवसाआधीच जो आपला हिशोब करतो, त्याचे ओझे हलके होते.

हे करताना चूक होईल, घडी विस्कटेल. हजरत हंजला (रजि.) यांनाही चिंता वाटली होती की प्रेषितांच्या (स.) सहवासात असताना स्वर्ग-नरक डोळ्यांसमोर दिसतात आणि घरी बायकामुलांत व शेतीवाडीत गुंतलो की मन बदलते, म्हणजे आपण दांभिक झालो की काय? प्रेषितांनी (स.) त्यांना धीर दिला की ही वेळेवेळेची गोष्ट आहे; मन सदैव एकाच अवस्थेत राहिले असते तर फरिश्त्यांनी येऊन तुमच्याशी हस्तांदोलन केले असते. म्हणून कामावर असताना घराची टोचणी आणि घरी असताना कामाची टोचणी, असे दोन्हीकडे मन जाळीत बसू नये. ज्या वेळेचा जो हक्क आहे तो त्या वेळी मनापासून द्यावा.

शेवटी पुन्हा त्या रात्रीकडे पाहू या. सलमान (रजि.) यांनी आपल्या भावाची उपासना बंद केली नाही, ती तिच्या वेळेवर आणून ठेवली. आणि अबू दरदा (रजि.) यांनीही, पाहुणा माझ्या घरात मला शिकवतो, असा राग धरला नाही. तेच पुढे दमास्कसचे काझी झाले, लोकांच्या हक्कांचा निवाडा करू लागले. आपल्या घरात आज कोणी सलमान येईल की नाही, हे सांगता येत नाही. पण उम्मे दरदांचा जुना वेश, मुलांचे गप्प राहणे आणि स्वतःच्या शरीराचा थकवा आपल्यासमोर आहेच. तो पाहण्याची दृष्टी आणि प्रत्येक हक्कदाराला त्याचा हक्क देण्याची सद्बुद्धी अल्लाह आपल्या सर्वांना देवो. आमीन.